हाडोळ्याचा राब

आमच्या रानाचं नाव हाडोळा. रिह्याच्या खोऱ्यात, आमच्या वस्तीपासून ओढा ओलांडला की डोंगराच्या पायथ्याला ते लागतं. लहानपणी मला त्या नावात काही वेगळं वाटत नसे. कुणाच्या रानाला चिंचेचं म्हणत, कुणाच्या दरडीचं, तसं आमचं हाडोळ्याचं. पुढं शाळेत एका मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या शेतात हाडं असतात ना गं?" घरी येऊन मी आईला विचारलं, तर तिनं पिठाचे हात तसेच हवेत धरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "जा, पाणी आण जा." पण खरंच होतं ते. आमच्या आजा-पणजांनी गावची मेलेली ढोरं ओढायची, त्या कामापोटी गावानं दिलेला तो तुकडा, आणि ढोरं टाकायची जागाही त्याच्याच कडेला. कित्येक पिढ्यांचे गावचे बैल, गाई, म्हशी तिथल्या मातीत गेल्या होत्या. नांगर घातला की दर ओळीला हाड वर येई. कधी फासळी, कधी गुडघ्याची वाटी, कधी दातांसकट अख्खा जबडा.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा सगळ्या घरांनी मिळून ठरवलं होतं, मेलेल्या ढोराला पुन्हा हात लावायचा नाही. आबा तेव्हा विशीतले. त्यांनी घरातला दोरखंड आणि सुरे ओढ्याच्या डोहात टाकले, असं आई सांगायची. त्यानंतर गावानं बराच काळ आमच्या माणसांना मजुरीला बोलावलं नाही, गिरणीत दळण घेतलं नाही. ते सगळं वस्तीनं सोसलं, पण शब्द मोडला नाही. म्हणून आबांना रानात वर आलेलं हाड बघवत नसे. पाऊस तोंडावर आला की ते बांधापलीकडं खड्डा खणत आणि रानातली हाडं त्यात नेऊन पुरत. हातानं कधी उचलत नसत. फावड्याच्या टोकावर हाड घ्यायचे आणि अंगापासून लांब धरून चालत जायचे. मी मागून जायचे. त्यांच्या त्या चालण्याची मला भीती वाटायची.

घर दोन खणांचं, कौलारू. मागं आईची चूल. आम्ही भात पिकवणारी माणसं, पण ताटात रोज नाचणीची भाकरीच असे, सोबत हुलग्याचं माडगं किंवा ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. आंबेमोहराचा भात सणाला. तो शिजायला लागला की वास वस्तीच्या टोकापर्यंत जाई आणि शेजारच्या बायका दारातून विचारत, "आज काय हाय गं?" सकाळी घरात पहिला आवाज जात्याचा आणि दुसरा माझ्या भावाच्या शिट्टीचा. संपत माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. पौडच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेला, उंच, थोडा पोक काढून चालणारा. गोष्ट सांगायला बसला की शेवट यायच्या आधीच त्याला हसू फुटायचं आणि गोष्ट तिथंच राहायची. आई वैतागायची, "आरं, पुढं काय झालं ते तरी सांग!" तो हातानं थांब थांब करत हसत राही, आणि मग गोष्ट न कळताच आम्हीही हसत सुटायचो. त्याच्याबरोबरीची पोरं पिंपरीच्या कारखान्यात लागली होती. त्यालाही बोलावणं होतं. पण त्याच्या डोक्यात हाडोळा बसला होता. एवढ्याशा रानात सगळा आंबेमोहर काढायचा आणि वर्षभर घरात भात शिजवायचा, हे त्याचं स्वप्न. आज ते किती साधं वाटतं.

त्या काळात खोऱ्यात नुकतीच खतं आली होती. पांढरा युरिया आणि राखाडी सुपर. सुपर टाकलं की भाताला फुटवे धरतात, लोंबी भरते, हे सगळ्यांनी दोन-चार हंगाम डोळ्यांनी पाहिलं होतं आणि शेणखताकडं जरा दुर्लक्षच व्हायला लागलं होतं. मग एका वर्षी सुपर आलंच नाही. लोक बैलगाड्या घेऊन पौडला जात आणि रिकाम्या गाड्या घेऊन येत. बाहेरच्या देशातून माल येत नाही, एवढंच कळायचं. कुठला देश, कसला माल, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी लावलेली रोपं लावली तशीच उभी राहिली. फुटवा नाही, पानं काळपट हिरवी, शेंड्याला जांभळट झाक. आमच्या रानात तर दिवाळीपर्यंत लोंबी नीट बाहेर पडली नाही. कापणीला आबा विळा घेऊन उभे राहिले आणि आईला म्हणाले, "काप काय नि न काप काय." त्या वर्षी सणालाही आंबेमोहर शिजला नाही.

मी हे लिहायला घेतलं त्याला कारण माझ्या चुलतभावाचा मुलगा अमोल. हाडोळा आता तोच करतो. मागच्या पावसाळ्याआधी त्याचा फोन आला. "आत्या, सकाळपासनं डीएपी खताच्या लायनीत हुबा हाय. दोन गोण्या मिळतील म्हणत्यात. जहाजं आडकल्यात म्हनं कुटं तरी." मग म्हणाला, "आत्या, संपतकाकांनी ते हाडांचं काय केलं हुतं गं?" मी त्याला सांगेन म्हणाले आणि फोन ठेवला. सांगायला सुरुवात कुठून करायची ते मला सुचेना, कारण संपतबद्दल आमच्या घरात इतकी वर्षं कुणी सलग बोललेलंच नाही.

पीक बुडाल्यावर संपत त्याच्या शाळेतल्या शेतीच्या मास्तरांना भेटून आला. येताना त्यानं एक शब्द आणला, स्फुरद. सुपरच्या पोत्यावर तो छापलेला असायचा, पण आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं. जेवताना तो सांगायला लागला. सुपर म्हणजे परदेशातल्या एका खडकाची भुकटी. त्या खडकात स्फुरद असतं, आणि तेच स्फुरद माणसाच्या, जनावराच्या हाडात असतं. दाण्यातून ते जनावरात जातं, जनावर मेलं की हाडातून मातीत येतं. खडक एक दिवस संपेल, जहाज एक दिवस येणार नाही. पण हाडं इथंच आहेत.

आबांनी घास खाली ठेवला. "काय म्हणायचंय तुला?"

"आबा, बांधापल्याडचा खड्डा उकरायचा. हाडं राबात भाजायची, कुटायची आणि रानात टाकायची."

आई चुलीपुढून म्हणाली, "संपत, जेव गुमान."

"न्हाई आई, ऐक तर. आबा, तुमी दरसाल काय करताय? रानातली ताकद उचलून बांधाभाईर पुरताय. आपल्याच रानातली."

आबा ताटावरून उठले. ते कधी आवाज चढवत नसत, त्या वेळीही चढवला नाही. दारात उभे राहून म्हणाले, "माझ्या बापानं पावसात, चिखलात, कुजलेलं ढोर खांद्यावर आणलंय. मी त्याच्या मागं टोपलं घेऊन चालत हुतो. ते मी डव्हात बुडवून आलोय. तू ते वर काढणार?" आणि बाहेर निघून गेले. संपतच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. त्या दिवशी त्याला हसू आलं नाही.

ही गोष्ट वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. विहारात सगळे जमले. आबांचे थोरले चुलतभाऊ, रामाकाका, वस्तीत त्यांच्या शब्दाला मान होता. बायका मागं बसल्या होत्या, त्यांत आईला टेकून मी. रामाकाका संपतला म्हणाले, "पोरा, तू शिकलास त्याचा आनंद हाय. पर उद्या तू हाडं गोळा करताना गावानं बघितलं, तर म्हणतील, बगा, आले परत आपल्या कामावर. मग परवा एखादा दारात येऊन म्हणंल, बैल मेलाय, चला. काय सांगशील त्याला?"

संपत उठून उभा राहिला. हात त्यानं पाठीमागं धरले. म्हणाला, "काका, न्हाई येणार म्हणून सांगंन. त्या टायमाला आपल्या लोकांनी दुसऱ्याची ढोरं वढली, दुसऱ्याच्या हुकमानं. त्येचं मांस वाटंला आलं, बाकी सगळं त्येंनी घेतलं. एक हाडं तेवढी आपल्या रानात ऱ्हायली. मला कुणाच्या हुकमानं न्हाई करायचं. माझ्या रानासाठी करायचंय. आपल्या आज्यानं जे वाहून आणलं, ते आपल्या पोटाला यिऊ द्या की आता."

 रामाकाका मान खाली घालून बसले आणि शेवटी म्हणाले, "मला पटत न्हाई. पर ज्याचं रान त्यानं ठरवावं." सगळे आबांकडं बघायला लागले. आबा उठले, पायांत चपला घातल्या आणि एकटेच घराकडं चालायला लागले.

परवानगी त्यांनी तोंडानं कधीच दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं आणि कुदळ घराच्या दारात भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. कुदळीला नवा दांडा बसवलेला होता. संपतनं ती उचलली, दांड्यावरून हात फिरवला आणि आत आईकडं बघून डोळे मिचकावले. आई म्हणाली, "माझ्या उखळाला हात लावलास तर बघ." तेवढंच तिचं म्हणणं होतं. म्हणून मग संपतनं ओढ्याकाठचा एक चपटा दगड धरला आणि सगळं कुटणं तिथं झालं.

उन्हाळा होता. करवंदं पिकली होती. मी करवंदं खात खड्ड्याच्या काठावर बसायचे आणि संपत आत उतरून उकरायचा. अनवाणीच. तेव्हा आम्ही सगळेच रानात अनवाणी असायचो. वरची हाडं पांढरी, भुसभुशीत, खालची मातीच्या रंगाची आणि जड. तो एकेक वर टाकायचा आणि ओळखायचा, "ही म्हस. हा बैल, तात्यांचाच आसंल, माजोरडा दिसतोय." मग आम्ही हसायचो. तात्या म्हणजे गावातले मोठे जमीनदार शेतकरी, ओढ्यालगतची सगळी सपाट खाचरं त्यांची. आबा रोज यायचे, बांधावर उभे राहायचे, बघायचे आणि जायचे. खड्ड्याजवळ मात्र येत नसत.

एके दुपारी संपत "हाय हाय" करत एका पायावर खड्ड्याबाहेर आला. बैलाच्या खुराला ठोकलेली जुनी लोखंडी पत्री मातीत होती, तिचा गंजलेला खिळा टाचेत शिरला होता. त्यानं तो उपसून काढला, मला दाखवला आणि म्हणाला, "तात्यांच्या बैलानं लाथ मारली बघ मरून सुदिक." रक्त फारसं आलंच नाही. घरी आईनं हळद दाबून चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खड्ड्यात उतरला.

मग राब भाजायचा दिवस आला. आमच्याकडं भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घेतात, तिला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, मग पातेरा, गवत आणि वर मातीचा हलका थर. संपतनं शेणाच्या थरावर हाडं मांडली, दाट, अंगण सारवताना हात फिरतो तशा काळजीनं. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं त्यानं राब पेटवला. तो राब ज्वाळेनं पेटत नाही, आतल्या आत धुमसतो. धुराला रोजच्यासारखा गवताचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा एक वास, केस जळाल्यासारखा. वस्तीतली दारं एकेक करून लागली. आबा घरात गेले नाहीत. ते संपतच्या शेजारी येऊन बसले आणि दोघं बापलेक तो धूर बघत राहिले. आबांनी विचारलं, "किती भाजायचं?" संपत म्हणाला, "बोटानं चुरा होईस्तवर." एवढंच बोलणं. पण ते दोघं इतके जवळ बसलेले मी त्याआधी पाहिले नव्हते आणि त्यानंतर पाहायला मिळाले नाहीत.

थंड झालेली बरीच हाडं राबातच ठेचून मिसळली. उरलेली संपतनं दगडावर कुटली, चाळली आणि लावणीच्या वेळेसाठी पोत्यात भरून ठेवली. त्याच सुमारास एका सकाळी तो भाकरी खायला बसला आणि तुकडा नुसता हातात धरून राहिला. आईनं विचारलं, तर दातांतूनच म्हणाला, "जबडा धरलाय. उघडंना." आईला वाटलं, उघड्यावर झोपल्यानं गार वारं लागलं. तिनं मिठाची पुरचुंडी गरम करून शेकलं. दुपारी त्याच्याकडं बघून ती चिडलीच, "शेकतेय नि तू हसतोयस व्हय रं?" कारण त्याचे ओठ ताणलेले होते, दात दिसत होते. आम्हाला वाटलं, त्याला एखादी गोष्ट आठवली असेल. मीसुद्धा त्याच्याकडं बघून हसले. मग त्याची मान मागं गेली आणि पाठ कमानीसारखी वर उचलली गेली, आणि आईनं जी किंकाळी फोडली ती ऐकून ओढ्यापलीकडची माणसं धावत आली.

तात्यांनी आपली बैलगाडी जुंपून दिली, गडी सोबत दिला. पौडहून एसटीनं पुण्याला, मोठ्या सरकारी दवाखान्यात. आबा सोबत होतेच, पण दवाखान्यातलं बोलणं दोघांना नीट समजणार नाही म्हणून आईनं मलाही बरोबर घेतलं होतं. संपतला एका अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं, खिडकीवर काळा पडदा. आवाज झाला, उजेड पडला, कुणी पलंगाला नुसता धक्का दिला तरी त्याचं सगळं अंग आवळून येई. तिथल्या एक सिस्टर, पुण्याच्या बोलीत अगदी हळू बोलायच्या. त्या आईच्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्या बांगड्या वाजतायत. त्याला त्रास होतोय." आई बाहेर नळावर गेली. साबण लावून तिनं हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक काढल्या आणि माझ्या ओच्यात ठेवल्या, एकमेकींना लागू न देता. तिचे ते रिकामे हात बघून आबांनी तोंड फिरवलं.

आबांनी त्या सिस्टरना दारात गाठून विचारलं, "बाई, खरं सांगा. हाडांमुळं झालं का हे?" सिस्टर म्हणाल्या, "नाही हो. गंजका खिळा खोल गेला, त्याच्याबरोबर मातीतले जंतू आत गेले. धनुर्वात म्हणतात याला. कुठल्याही शेतात, कुणालाही होतो. सुई वेळेवर टोचली असती तर..."  मी पुढं नर्स झाले. सुई टोचताना मुलं रडायची, बाप्ये हात आखडून घ्यायचे, "एवढ्याशा खरचटण्याला कशाला?" म्हणायचे. मी कुणाचंही ऐकलं नाही. माझ्याबरोबरच्या बायका म्हणायच्या, ही फार कडक आहे. असेन.

संपत गेला तेव्हा पहाट होत होती आणि बाहेर झाडलोटीचा आवाज येत होता. शेवटी त्याचं अंग सैल झालं, चेहऱ्यावरचा तो ताण उतरला, आणि आई पुटपुटली, "आता निजला." तिला कळलं नव्हतं. आबांनी तिला सांगितलं नाही, तिच्याजवळ नुसते बसून राहिले. मग सिस्टर आल्या.

वस्तीत बोलणं सुरू झालं. हाडांनी पोरगा नेला. पुरलेलं उकरायचं नसतं. काही जण कुजबुजत, काही जण मुद्दाम आम्हाला ऐकू जाईल असं बोलत. आबा प्रत्येकाला तेच सांगत, "हाडांनी न्हाई. खिळा हुता. कुठल्याबी रानात हुतं." दारात येणाऱ्या प्रत्येकाला, एसटीत भेटलेल्या माणसाला, कधी कधी मलासुद्धा, मी ते दवाखान्यात ऐकलेलं असूनही. आई बोलायचीच बंद झाली. स्वयंपाक करायची, पाणी भरायची, आणि उरलेला वेळ मागच्या दारात बसून राहायची.

पावसाची चिन्हं दिसायला लागली. राब तसाच पडून होता, करडा, भुरभुरीत. एके सकाळी रामाकाका बैल घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आबा बाहेर आले. रामाकाका म्हणाले, "इष्णू, मी तवा नको म्हणालो. आजबी मला पुरतं पटल्यालं न्हाई. पर पोरानं भाजलाय. तो तसाच पडू देऊन कसं चालंल?"  आबा आतून बियाण्याची पाटी घेऊन आले आणि दोघं ओढा ओलांडून गेले.

असं रोप खोऱ्यात त्या वर्षी कुणाच्या राबात आलं नाही. सुपर त्याही वर्षी आलं नव्हतं. लावणीच्या दिवशी चिखल झालेल्या खाचरात आबा पोतं घेऊन उतरले, संपतनं कुटून ठेवलेलं. आम्हाला वाटलं, ते फावड्यानं टाकतील. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला आणि मूठ भरून घेतली. ती मूठ ते बघत राहिले. मग पेरणी करतात तशी त्यांनी ती फेकली, आणि पुन्हा हात घातला. पाऊस पडत होता. पीठ त्यांच्या हाताला, दंडाला, छातीला चिकटत होतं. आई बांधावर उभी होती. ती खाली उतरली, पदर खोचला आणि रोपाची मूठ हातात घेऊन लावायला वाकली.

मी आता लेकीकडं पुण्याजवळ नांदेला राहते, दहाव्या मजल्यावर. खाली जिथं भाताची खाचरं होती तिथं गाड्या उभ्या असतात. आमच्या सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा आहे, तिच्यातून निघालेला काळा गाळ वाळवून ठेवतात आणि खोऱ्यातले काही शेतकरी ट्रॉली भरून नेतात. मीटिंगमध्ये लोक वासाबद्दल तक्रार करतात. मी एकदा उठून म्हणाले की आपण जे खातो त्यातलं बरंचसं स्फुरद त्या गाळात आहे, ते शेतात परत गेलं पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडं वयाचा मान राखून पाहिलं आणि पुढचा विषय घेतला. लेक घरी आल्यावर म्हणाली, "आई, तू एकदम इतकी का चिडलीस?" मला तिला संपतबद्दल सांगायचं होतं. नाही सांगता आलं.

संपत गेला त्या वर्षी हाडोळ्यात भात छातीएवढा उभा राहिला. शेजारच्या खाचरांतला गुडघ्याला लागत होता. वाटेनं जाणारी माणसं थांबून बघत. आम्हाला त्याचा आनंद घेता येत नव्हता आणि दुःखही नीट करता येत नव्हतं, कारण कापणी, झोडणी, सगळंच अंगावर आलं होतं आणि एक माणूस कमी होतं. नवा तांदूळ घरात आला तेव्हा आईनं तो शिजवला. वास वस्तीच्या टोकापर्यंत गेला असणार, पण दारातून कुणी काही विचारलं नाही. तिनं आम्हाला वाढलं. आबांनी पहिला घास घेतला. मग त्यांनी ताट आईकडं सरकवलं आणि म्हणाले, "तूबी खा. त्यानं तुझ्यासाठीच केलंया." आई खात होती आणि रडत होती, आणि थांबत नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात तात्या आमच्या दाराशी आले. याआधी ते कधी वस्तीत आले नव्हते. आईनं घोंगडी टाकली, पण ते टेकले नाहीत. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलून झालं आणि मग म्हणाले, "इष्णू, माझा बैल गेला काल."  शेजारच्या ओट्यावर रामाकाका उठून उभे राहिले. तात्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी घाईघाईनं हात हलवला. "तसं न्हाई, तसं न्हाई. मी वढायला बोलवाय न्हाई आलो. पुरलाय आमीच. माझं म्हणणं आसं की... त्येच्याआधीची हाडं हायेत गोठ्यामागं, लई वर्षांची. तुझ्या पोरानं ती कशी भाजली, कशी कुटली, तेवढं सांगितलंस तर. खत काय येत न्हाई औंदाबी."

आबा त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, ते नाही म्हणतील. मलाही त्यांनी नाहीच म्हणायला हवं होतं. आबा म्हणाले, "सांगतो. पर तुमची हाडं तुमी उचलायची. तुमी सोता. आमच्यातलं कुणी हात लावणार न्हाई."

"कबूल," तात्या म्हणाले.

"येतो सकाळी."

सकाळी मी आबांबरोबर गेले. तात्यांच्या गोठ्यामागं तात्या, त्यांचे दोन भाऊ आणि गडी कुदळी घेऊन उभे होते. आबा एका दगडावर बसले. त्यांनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडं पाहिलं, मग खाली सगळ्यांच्या पायांकडं पाहिलं. एका भावानं घाई करत कुदळ उचलली, तसा आबांनी हात वर केला.

"आदी पायात घाला," ते म्हणाले. "समद्यांनी. जाड काय आसंल ते."

"आरं, हितल्या हितं तर हाय, इष्णू," तात्या म्हणाले.

 आबा डोंगराकडं तोंड करून बसून राहिले, आणि तात्या, त्यांचे भाऊ, गडी एकेक करून घरात गेले आणि पायात घालून परत आले, तेव्हाच आबांनी तोंड इकडं वळवलं.